रिकामा म्हणजे नक्की कोणता रिकामा?

"ताई, नमस्कार. वय ५१, राहणार ऐरोली. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत २७ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो, सुपरवायझर. सात महिन्यांपूर्वी कंपनीने आमचं युनिट बंद केलं, सगळ्यांना घरी बसवलं. थोडेफार पैसे मिळाले, ग्रॅच्युइटी 'प्रोसेसमध्ये आहे' असं फोनवर सांगतात. घराचे हप्ते अजून १४ महिने, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सोसायटीत मी वर्क फ्रॉम होम चालू आहे असं सांगून ठेवलंय. गेल्या रविवारी मेहुणा आला होता, त्याच्यासमोर बायको म्हणाली, 'आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय ना, मग यांना सांग की, हे रिकामेच आहेत.' तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. रोज संध्याकाळी खाडीकडे जाऊन दोन तास नुसता बसतो, फ्लेमिंगो असले तर बघतो, आणि खरं सांगू, बरं वाटतं. मग घरी येताना अपराधी वाटतं. मी आळशी झालोय का? बेकार आहे? का नुसता रिकामा? की हे सगळं एकच?
एक रिकामटेकडा, ऐरोली"

दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा थोडं हसू आलं, रागावू नका, पण बायको 'रिकामे' म्हणाली म्हणून आठवडाभर फुगून बसलात आणि पत्राखाली सही करताना स्वतःच स्वतःला रिकामटेकडा म्हणून मोकळे झालात. वहिनींनी जे म्हटलं ते तुमच्या सहीपेक्षा बरंच सौम्य होतं.

आता बघा, आपल्याकडे डबा रिकामा असतो, हंडा रिकामा असतो, रिक्षा रिकामी असते आणि माणूसही रिकामा असतो, शब्द एकच. तुम्ही ऐकलात तो डब्याचा रिकामा, म्हणजे आत काही उरलं नाही असा. वहिनी बोलल्या तो रिक्षाचा रिकामा. पावसाळ्यात रात्री साडेनऊला ठाणे स्टेशनच्या बाहेर उभं राहून बघा, रिकामी रिक्षा लांबून दिसली की चांगले सुशिक्षित लोक छत्री बगलेत मारून कसे धावत सुटतात, तिथे कोणी त्या रिक्षाला हिणवत नाही. 'हे रिकामे आहेत' म्हणजे हे मिळतील, यांना वेळ आहे, यांना हाक मारली तर येतील. मेहुण्यासमोर बोलायला नको होतं हे मान्य, ते मी वहिनींना पण सांगितलं असतं. पण त्यात अपमान नव्हता असं माझं प्रामाणिक मत आहे.

मात्र रिक्षाचंच पुढे बोलायचं तर रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर वेटिंग टाकत असतो, आणि हे तुमच्या घरात कोणी धरत नाहीये. बँकेत जा, दळण आणा, टँकर आला का बघा, सोसायटीच्या मीटिंगला तुम्हीच जा, सासूबाईंना न्या. प्रत्येक काम दहा मिनिटांचं म्हणून सांगतात आणि बँकेतच दीड तास जातो, मग दिवस संपतो, आणि रात्री हिशोब करायला बसलं तर हातात काहीच नाही कारण दिवसभर आपण 'रिकामे'च होतो ना. म्हण आहे बघा, कवडीचं काम नाही अन् घडीची फुरसत नाही. ही ज्याने केली तो नक्की नोकरी गेलेला माणूस असणार.

आमच्या घरात हे सगळं झालेलं आहे म्हणून एवढं बोलतेय. मी नववीत होते तेव्हा बाबांची कंपनी बंद पडली, वागळे इस्टेटमधली. बाबा टर्नर होते. पहिला महिनाभर ते काहीच बोलले नाहीत, मग एक दिवस त्यांनी घरातल्या सगळ्या सुऱ्या आणि विळी धार लावून ठेवली, दुसऱ्या दिवशी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल, मग कपाटाची कडी, मग शेजारच्यांची कडी, मग माळ्यावरचा सगळा पसारा खाली काढून त्याच्या याद्या केल्या, आणि मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. त्या दिवशी आईचा स्फोट झाला. तिखटाच्या जागी हळद गेली होती आणि आमटी पिवळीधमक. आई म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

ही म्हण मी तेव्हा नुसती शिवी म्हणून ऐकली. तुंबडी म्हणजे काय ते खूप नंतर कळलं, पूर्वी अंगातलं खराब रक्त काढायला म्हणून न्हावी लोक पोकळ शिंग किंवा तुंबा कातडीवर लावून रक्त ओढून घ्यायचे, ती तुंबडी. गिऱ्हाईक नाही म्हणून तो भिंतीला लावत बसलाय. सगळे त्याला हसतात, पण मला आता वाटतं की तो बिचारा हात चालू ठेवत होता. बाबांचंही तेच चाललं होतं. ज्याने वीस वर्षं लेथवर धातू कापला त्याला हात मांडीवर ठेवून बसता येत नाही हो. आणि आईचंही बरोबर होतं, ती भिंत तिची होती.

ही भिंतीची गोष्ट लक्षात ठेवा, परत येते तिच्याकडे.

आता तुमचा दुसरा शब्द, बेकार. बे म्हणजे विना आणि कार म्हणजे काम, फारसीतून आलेला साधा सरळ शब्द, काम नसलेला. पुढे काय झालं की काम नसलेला माणूस कुचकामी असं धरून चालले लोक, आणि मग पिक्चर बेकार, भाजी बेकार, हवा बेकार. म्हणजे 'मी बेकार आहे' म्हटलं की दोन अर्थ एकदम ऐकू येतात, मला काम नाही आणि मी वाईट आहे. तुम्ही हे दोन्ही एकत्र गिळताय. (आमच्या शेजारचा अकरावीतला पोरगा परवा म्हणाला 'काल बेक्कार हसलो', म्हणजे आता तो शब्द उलटून चांगल्याकडे पण निघालाय, त्यामुळे फार मनावर घेऊ नका.)

आणि ऐदी. हा तुम्ही विचारला नाहीत पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकबराच्या फौजेत अहदी नावाचे शिलेदार असायचे. अहद म्हणजे अरबीत एक, एकटा. हे लोक कुठल्या सरदाराच्या हाताखाली नसायचे, थेट बादशहाचे नोकर, पगार चांगला, आणि खास बोलावणं आलं तरच काम. बाकीचा वेळ बसून. त्यांच्यावरून मराठीत ऐदी आला, हिंदीत पण अहदी म्हणजे आळशीच. म्हणजे विचार करा, हा शब्द मुळात नोकरी असलेल्यांचा आहे! आज ऐरोलीच्या त्या काचेच्या बिल्डिंगांमध्ये आयटीवाली पोरं 'बेंचवर' असतात, प्रोजेक्ट नाही पण पगार चालू, ते खरे अहदी. माझ्या भाचीने चार महिने बेंचवर काढले, रोज ऑफिसला जायची, कॅन्टीनचा चहा प्यायची आणि पोटात गोळा घेऊन घरी यायची. तिला कोणीही रिकामी म्हणालं नाही कारण गळ्यात आयकार्ड होतं. तुम्ही सकाळपासून चार कामं करून येता पण गळ्यात काही नाही म्हणून तुम्ही रिकामे. हे असंच असतं, यात न्याय शोधू नका.

सरकार काय म्हणतं तेही सांगते, कारण सरकारने आपल्या प्रत्येकाला नंबर दिलेला आहे. रोजगाराची जी मोठी पाहणी होते, २०१७ पासून नियमित चालू आहे, त्यात प्रत्येक माणसाला तो काय करतो त्याचा कोड लावतात. काम नाही पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला कोड ८१. म्हणजे तुम्ही. हा बेरोजगार, अधिकृत. आणि घरी राहून फक्त घरकाम करणारी बाई, तिला कोड ९२. ती बेरोजगार पण नाही आणि कामगार पण नाही, ती श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे तुमच्या दोन खोल्यांत एक ८१ आणि एक ९२ राहतात, आणि ८१ ला वाईट वाटतंय की ९२ ने त्याला रिकामा म्हटलं. दादा, त्या ९२ ला सगळा देश किती वर्षं काय म्हणतोय? 'मिसेस काय करतात?' 'काही नाही, घरीच असते.' तुम्ही पण म्हणाला असाल. मी तर पैज लावते म्हणाला असाल.

२०१९ साली सरकारनेच दुसरी एक पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कुठे घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष असलं काम करतात ते ९७ मिनिटं. म्हणजे पाच तास आणि दीड तास. आणि हे 'जे करतात ते' बरं का, जे करतच नाहीत ते पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत.

तर ती भिंत. गेली पंचवीसएक वर्षं सकाळी तुम्ही बाहेर पडलात की ते घर वहिनींचं व्हायचं. साडेअकराला त्या पंधरा मिनिटं टेकत असतील, एखादी सिरियल रिपीट बघत असतील, बहिणीला फोन करत असतील, तो त्यांचा निवांतपणा होता आणि तो कोणाला दिसत नव्हता म्हणून टिकला होता. आता हॉलमध्ये तुम्ही बसलेले. त्या टेकल्या तर तुम्ही बघणार, तुम्ही टेकलात तर त्या बघणार. सात महिने दोघांपैकी कोणालाच नीट रिकामं बसता आलेलं नाही त्या घरात! चिडचिड होणारच. माझी आई बाबांवर चिडायची ती काम नाही म्हणून नव्हे, पगाराचं तिने कधी एका शब्दाने काढलं नाही. ती चिडायची कारण दुपारी तिला पाय पसरून झोपायची चोरी झाली.

म्हणून पहिलं काम हे की रोज दोन-अडीच तास घराबाहेर जा, आणि ते दुपारचे, संध्याकाळचे वेगळे. लायब्ररीत बसा, मित्राच्या दुकानात बसा, कुठेही. आणि घरातलं एक काम अख्खं तुमचं करून टाका. मदत नको, मदत म्हणजे 'चिरून देऊ का' विचारत मागे मागे फिरणं, त्याने बाईचं काम वाढतं. अख्खं म्हणजे रात्रीचं जेवण तुमचं तर काय करायचं, भाजी कधी आणायची, ओटा कधी पुसायचा, सगळं तुमच्या डोक्यात. डबे उंचीप्रमाणे लावू नका फक्त.

बाकीच्या फुटकळ कामांना वेळ ठरवून द्या. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी दहा ते एक मी बाहेरची कामं करणार, काय असेल ते आदल्या रात्री सांगा. एरवी कोणी हाक मारली तर 'शुक्रवारी' म्हणायचं. आठवडाभर घरात कुरकुर होईल, मग सवय होते.

आता आळस. तुम्ही विचारलंत ना आळशी झालोय का, तर आळशी माणसाला आळसात मजा येते, तो अंथरुणात लोळत दुसरा चहा मागवतो आणि त्याला रात्री झोप पण छान लागते. आठवडाभर एका शब्दावर विचार करून मला एवढं लांबलचक पत्र लिहिणारा माणूस त्या जातीचा नाही. पण एका ठिकाणी मात्र तुम्ही चक्क आळस केलाय आणि तिथे मी तुम्हाला सोडणार नाही. ग्रॅच्युइटी.

सात महिने 'प्रोसेसमध्ये' म्हणजे काय? कायद्याने ती ३० दिवसांच्या आत द्यायची असते, पुढे उशीर झाला की व्याज लागतं. हिशोब पण सोपा आहे, शेवटचं बेसिक आणि डीए धरायचं, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. समजा तुमचे बेसिक-डीए मिळून ४०,००० होते, तर २७ वर्षांचे झाले सहा लाख तेवीस हजार. हे कंपनीचे उपकार नाहीत दादा, तुमचे पैसे आहेत, तिकडे पडून आहेत. खरं रिकामं बसलंय ते तुमचं हे सहा लाख, आणि तुमचे हप्ते १४ महिन्यांचे! मला कळतं तुम्ही का गेला नाहीत. त्या गेटवर परत जाऊन उभं राहायचं, वॉचमनने नाव विचारायचं, रजिस्टरमध्ये 'व्हिजिटर' लिहायचं, नको वाटतं. तर जाऊ नका. लेखी अर्ज करा, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तरी हलले नाहीत तर कामगार खात्याच्या ऑफिसात तक्रार करा. तुमच्याबरोबर जे घरी बसले त्यांना पण विचारा, पाच-सहा जण एकत्र गेलात तर जरा वजन पडतं. आणि तेवढ्यात जुन्या लोकांची गाठ पडते.

गाठ पडते वरून ते वर्क फ्रॉम होम. अहो, क्वालिटी कंट्रोलचा सुपरवायझर घरून काय करतो, व्हिडिओ कॉलवर व्हर्नियर लावतो? सोसायटीत निम्म्या लोकांना कळलेलं आहे असं समजा, अकरा वाजता सासूबाईंना हाताला धरून लिफ्टमधून उतरणारा माणूस मीटिंगमध्ये नसतो हे लोकांना दिसतं. ते गप्प बसतात ते तुमची लाज राखायला. आणि या खोट्याची किंमत अशी आहे की तुम्हाला काम हवंय हे कोणाला माहीतच नाही. ठाणे-बेलापूर पट्टा केवढासा, दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, तुमच्या बिल्डिंगमधले चार जण तरी तिथेच कामाला असणार. तिथे छोटे छोटे वर्कशॉपवाले आहेत, मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे, त्यांचा माल इन्स्पेक्शनला परत येतो, कागद धड नसतात, आणि फुल टाइम माणूस त्यांना परवडत नाही. आठवड्यातून दोन दिवस येऊन कागद आणि गेज बघणारा अनुभवी माणूस त्यांना सोन्यासारखा. पण असली कामं ॲपवर येत नाहीत, जिन्यात उभं राहून बोलताना येतात. तर जिन्यात सांगा, 'कंपनी बंद झाली, काम शोधतोय, क्वालिटीचं.' एका दमात, हसत नाही आणि रडत नाही. पहिल्यांदा सांगताना कान गरम होतील. तिसऱ्यांदा होत नाहीत. बाबांना वागळेतच पुढे काम मिळालं ते आमच्या दूधवाल्यामुळे, तो ज्या वर्कशॉपमध्ये दूध घालायचा तिथे टर्नर हवा होता आणि आईने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगू दिलं नसतं.

राहिली ती खाडी.

ती सोडू नका, अजिबात. ज्याबद्दल अपराधी वाटतंय तीच एक गोष्ट तुमची नीट चालू आहे. फ्लेमिंगो बघता म्हणालात तर भरती-ओहोटीची वेळ बघून जा, फरक कळेल. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते मान उलटी खाली घालून चोचीने चिखलपाणी गाळत असतात, तासन् तास, डोकं वर नाही. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो, खायला काही मिळत नाही, मग ते उडून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळीत जातात आणि एका पायावर उभे राहतात, आपल्याला वाटतं काय ऐटीत आराम चाललाय. ती खाडी २०१५ ला अभयारण्य झाली आणि २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, सगळं जग येतं फोटो काढायला, आणि फोटो कसला निघतो तर बहुतेक वेळा त्या उभ्या असलेल्यांचाच. तुम्ही जा, बसा, मोबाइल घरी ठेवा. कधीतरी वहिनींना पण घेऊन जा, बोलायचं काही ठरवू नका, चणे न्या.

एक गोष्ट जरा गंभीर. हे खाडीवर बरं वाटणं जर बंद झालं, रात्री तीनला जाग येऊन पुढे झोप नाही, जेवण जात नाही, आंघोळ करायचा पण कंटाळा, असं दोन आठवडे सलग गेलं तर त्याला आळस म्हणू नका आणि रिकामपण पण म्हणू नका, डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलीमानस म्हणून फोन सेवा आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. ठाण्यात मेंटल हॉस्पिटल म्हटलं की आपण अजून पोरांसारखं फिदीफिदी हसतो, १९०१ सालापासून ते तिथे उभं आहे आणि ठाणेकरांचे विनोद पण तितकेच जुने, पण वेळ आली तर लाजू नका.

आणि सासूबाईंना न्या हो डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मंगळवारी किंवा शुक्रवारीच. मोतीबिंदू असेल तर कुठला डोळा आधी करायचा ते नीट विचारून लिहून घ्या, डोळ्यात थेंब टाकून तासभर बसवतात, तेव्हा त्यांना उन्हात एकटं सोडू नका, आणि मला कळवा काय निघालं ते. ग्रॅच्युइटीचं पण.